पूर्वेस नदी, पश्चिमेस चिनी दवाखाना

मी चीनला कधी गेलेली नाही. आमच्या घरातलं सगळ्यांत लांब गेलेलं माणूस म्हणजे माझी नणंद, ती बेळगावला असते. तरीही युन्नान प्रांतातल्या एका मोठ्या तळ्याच्या पाण्यातून डांबरी रस्ता गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. नुसता रस्ता नव्हे. कडेला पेट्रोल पंप, त्याच्या शेजारी हॉटेल, सगळं पाण्यात. दोन दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी कळलं, की ही चूक माझी नाही आणि खरं तर ती चूकच नाही. तिथल्या कायद्यानं लोकांसाठीचे ऑनलाइन नकाशे खऱ्या जागेपासून मुद्दाम सरकवून ठेवतात, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. आकाशातून घेतलेला फोटो एका जागी, त्यावर काढलेला रस्ता काही शे मीटर पलीकडे. आमच्याकडे शेजाऱ्यानं बांध हातभर सरकवला तर काठ्या निघतात. तिथं सरकारनं अख्खा देश सरकवला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. हे वाचून मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

मी नकाशे काढते. हा धंदा आहे आणि त्यावर माणूस जगतो, हे सांगितलं की पुष्कळांना मी थापा मारते असं वाटतं. विशीत एका खासगी मोजणीदाराकडे ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे मूळ नकाशावर अर्धपारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघ न् रेघ उतरवून घेणारा माणूस. रेघ चुकली तर दाढीच्या पात्यानं शाई खरवडायची, आणि खरवडताना कागद फाटला तर मालक यायच्या आत रडून घ्यायचं. पुढं संगणक आले, पाती गेली, मालकही गेले. आता राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन स्क्रीन मांडून बसते. दारावर ‘नकाशे काढून मिळतील’ एवढीच पाटी आहे. त्यामुळं लोक रस्ता विचारायलाही वर येतात. सांगते.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका कादंबरीकारांना शत्रूची छावणी अमुक माळावर पाहिजे होती, कारण तिथून नायक घोड्यावरून खाली येताना छान दिसतो. मी म्हटलं, साहेब, तिथं माळ नाही, तळं आहे, जुन्या नकाशातही आहे. ते जरा विचार करून म्हणाले, मग तळं थोडं बाजूला घ्या की. वारणानगरच्या बाजूच्या एका गावच्या उत्सव कमिटीला स्मरणिकेसाठी जिल्ह्याचा नकाशा पाहिजे होता. अट एवढीच, की त्यांच्या गावाचं नाव कोल्हापूरपेक्षा मोठ्या अक्षरात यावं आणि शेजारच्या गावाचं येऊच नये. शेजारच्या गावात कमिटीच्या अध्यक्षांची सासुरवाडी होती, हे मला नंतर समजलं. अशा माणसांमुळं माझे दिवस मजेत गेले.

मग एक दिवस मगदूम सर आले. हातकणंगल्याचे, इतिहासाचे निवृत्त मास्तर, पंचाहत्तरीच्या आसपास. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि जिना चढून आल्यावर दम लागलाय हे दाखवायचं नाही म्हणून भिंतीवरचे नकाशे वाचायचं नाटक. ते झाल्यावर म्हणाले, चीनचे नकाशे पाहिजेत, लढाईतले. मी म्हटलं, बासष्ट सालचे?

“बासष्टचं सगळ्यांना ठाऊक हाय,” सर जरा रागानं म्हणाले. “त्याच्या आधी चिनी लोक जपानशी लढले, ते कुणाला ठाऊक न्हाई. त्यावर मी पुस्तक लिहितोय. मराठीत.”

कोण वाचणार, असं माझ्या तोंडून गेलंच. सर म्हणाले, आधी मी वाचीन, मग बघू.

मला माणूस तिथंच आवडला.

पुस्तकाचा विषय थोडक्यात सांगते, कारण मलाही तो तेव्हाच कळला. दुसऱ्या महायुद्धात जपाननं ब्रह्मदेश घेतला, तेव्हा तिथं लढायला आलेली चिनी फौज फुटली. तिचा एक भाग डोंगर-जंगलं तुडवत चक्क आपल्याकडं, हिंदुस्थानात आला. बिहारात त्यांना नवी बंदूक, नवे बूट, पोटभर जेवण मिळालं, कवायत झाली, आणि ती फौज आसामातून परत उत्तर ब्रह्मदेशात उतरली. पुढं चिनी पलटणी लढत चालल्या आणि त्यांच्या पाठोपाठ चीनला जाणारा रस्ता बांधत मजूर चालले. त्या मजुरांत आपली माणसं होती. त्या माणसांत बसाप्पा मगदूम होते, म्हणजे सरांचे वडील. सर त्यांना अप्पा म्हणत.

पुस्तकाला एकोणीस नकाशे पाहिजे होते. मी म्हटलं, मूळ कागद आणा, मी काढते. सर म्हणाले, मूळ कागद असते तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?

इथून माझ्या आयुष्यातली सगळ्यांत गमतीची दोन वर्षं सुरू झाली.

जुने युद्धनकाशे कुठं मिळतात ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होवो. पहिला आश्चर्याचा धक्का म्हणजे ते फुकट मिळतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयानं त्यांच्या सैन्याचे त्या काळातले नकाशे स्कॅन करून सरळ उघड्यावर ठेवले आहेत. आपल्या सरकारी मोजणी खात्याचे, इंग्रजी अमदानीतले, एक इंच म्हणजे एक मैल मापाचे ब्रह्मदेशाचे नकाशे ऑस्ट्रेलियातल्या एका ग्रंथालयात सापडले. डेहराडूनला छापलेला कागद बघायला ऑस्ट्रेलियाच्या दारात जावं लागतं, यावर सरांनी पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. जपान्यांचे नकाशे जपानी विद्यापीठांत. त्या लोकांनी दुसऱ्याचा मुलूख इतक्या बारकाईनं काढून ठेवला होता, की विहिरीसुद्धा सोडल्या नव्हत्या. बघताना कौतुक वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा.

आणि दुसरा धक्का. चिनी फौजेचे कागद चीनमध्ये कमी, तैवानमध्ये जास्त. लढाई संपल्यावर त्यांच्यात आपसांत जुंपली, हरलेलं सरकार समुद्र ओलांडून गेलं आणि जाताना दप्तरं घेऊन गेलं. भाऊ-भाऊ वेगळे निघताना एकानं घर घ्यावं आणि दुसऱ्यानं घराचे कागद, तसं. तिथल्या दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर पलटणींच्या रोजनिशा आहेत, आणि रोजनिशीत कुणा अधिकाऱ्यानं हातानं काढलेली लढाईच्या जागांची रेखाटनं.

फक्त सगळं चिनी लिपीत. सरांनी यावर मास्तरी उपाय काढला होता. शंभर पानी वहीत त्यांनी साठ-सत्तर चिनी अक्षरं गिरवून ठेवली होती, प्रत्येकासमोर अर्थ: नदी, पूल, डोंगर, दवाखाना, आगेकूच, माघार. बोलता एकही येत नव्हतं. पण नकाशावर ‘नदी’ कुठं लिहिलंय हे ते माझ्या आधी बोट ठेवून दाखवायचे. उरलेलं आम्ही मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचायचो. एकदा एका सेनाधिकाऱ्याच्या गिचमिड शेऱ्यावर मोबाइल धरला तर त्यानं वाचून दाखवलं, ‘पाहुण्यांनी चपला बाहेर काढाव्यात.’ सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मी हसायला लागले तर म्हणाले, हसू नका, जंगलात चिखल असतो.

माझं काम म्हणजे हे नकाशे एकमेकांवर बसवणं. जुन्या नकाशावरची आणि आजच्या उपग्रहाच्या फोटोवरची एकच जागा शोधायची, म्हणजे दोन ओढ्यांचा संगम, नदीचं तीव्र वळण, खडकाचं टोक. तिथं टाचणी मारायची. अशा दहा-बारा टाचण्या मारल्या, की ओली चादर चौघींनी चार टोकांना धरून ताणावी तसा संगणक जुना कागद ताणून नव्या जमिनीवर घालतो. सुरकुती पडली की समजावं, कुठली तरी टाचणी खोटी आहे. हे करताना मी तासन्‌तास बडबडते, गाते, नकाशाला दटावते. सरांना पहिल्या दिवशी वाटलं, मी फोनवर बोलतेय.

चौदा नकाशे झाले तेव्हा एका दुपारी सरांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला एक पिवळा कागद काढला. म्हणाले, पंधरावा नकाशा ह्याचा काढायचा. उरलेले चार न्हाई झाले तरी चालतील.

कागद मोडीत नव्हता, बाळबोध होता. मजकूर असा:

‘मौजे, नाव माहीत नाही. दत्तू यास जेथे ठेविले ती जागा. तिची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस नदी. पश्चिमेस चिनी पलटणीचा दवाखाना. दक्षिणेस टेकडी. उत्तरेस ओढा, त्यावर बांबूचा पूल. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक जागा. निशाणी डावा अंगठा, बसाप्पा मगदूम.’

शहरी वाचकांसाठी सांगते. आपल्याकडं जमिनीचा कुठलाही दस्त घ्या, त्यात त्या तुकड्याच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं. त्याला चतुःसीमा म्हणतात. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस गाडीवाट. माझी अर्धी हयात असल्या कागदांत गेली. पण मेलेल्या माणसाची चतुःसीमा मी पहिल्यांदा वाचत होते.

दत्तू हा बसाप्पांचा जोडीदार, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचा. दोघं एकाच मजूर तुकडीत होते. हुकाँग नावाच्या खोऱ्यात, चिनी पलटणीच्या मागं पूल बांधताना दत्तू तापानं गेला. लाकडं ओली आणि धूर दिसला की पलीकडून तोफ सुटायची, म्हणून जाळणं शक्य नव्हतं. बसाप्पा लिंगायत. त्यांच्यात पुरतात. त्यांनी आपल्या रीतीनं त्याला मातीत ठेवलं आणि पुढच्या मुक्कामाला गेले. घरी सरकारी पत्र आलं त्यात ‘बेपत्ता’ लिहिलेलं. बेपत्ता म्हटल्यावर गाव काय म्हणणार? दत्तू पळाला, चिनी बायको केली, तिकडं मजेत आहे. बसाप्पा परत आल्यावर स्वतः चालत त्या घरी गेले आणि दत्तूच्या आईला खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, कुठं ठेवलास ते लिहून दे. बसाप्पांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी कचेरीसमोर बसणाऱ्या दस्तलेखकाला सांगून हा कागद दोन प्रतींत करून घेतला. एक तिला दिला, एक आपल्याकडं ठेवला.

गावानं त्यावरही मात केली. म्हणाले, म्हातारीचं मन राखायला मगदुमानं जागा बनवली. जंगलात कुठं चतुःसीमा असती होय?

दत्तूची धाकटी बहीण हौसाबाई, गावातच दिलेली, अजून होती, नव्वदीला टेकलेली. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी सरांना निरोप यायचा, सापडलं काय?

“अप्पा खरं बोलले का खोटं, एवढंच मला बघायचंय,” सर म्हणाले. “पुस्तक काय, कधी बी होईल.”

मी बाह्या सरसावल्या. चतुःसीमा म्हणजे माझं घरचं मैदान. पूर्वेला नदी, म्हणजे जागा नदीच्या पश्चिम काठावर. ती पलटण त्या हंगामात ज्या पट्ट्यात होती तो रोजनिशीवरून ठरवला. त्या पट्ट्यात पश्चिम काठाला मिळणारा प्रत्येक ओढा तपासला. ओढ्याच्या दक्षिणेला मोकळी जागा, तिच्या दक्षिणेला टेकडी, पश्चिमेला दवाखाना. पाच महिने शोधलं. एकही जागा बसेना. त्या भागात टेकड्या आहेत, पण सगळ्या मावळतीच्या अंगाला. नदीकाठाला दक्षिणेला टेकडी कुठंच नाही.

एक चिनी रेखाटन फार जवळ येत होतं. हातानं काढलेलं, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. त्यात नदी होती, ओढा होता, ओढ्यावर पूल होता, दवाखान्याची खूण होती, टेकडीही होती. सर उठून उभे राहिले होते. पण दवाखाना दक्षिणेला होता आणि टेकडी पश्चिमेला. मी मान हलवली. म्हटलं, सर, दोन बाजू जुळतात, दोन जुळत नाहीत. दोन बाजूंवर मी माझ्या सख्ख्या भावालासुद्धा जमीन मोजून देणार नाही. रद्द. रेखाटन बाजूला ठेवलं.

आणि मग मी एक वाक्य बोलले, जे आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते. मी म्हटलं, “एक तर जागा भलतीकडे आहे, नाहीतर...”

“नाहीतर अप्पांनी ती बनवली,” सरांनीच पुरं केलं. पिशवी उचलली आणि गेले.

मला सफाईदार बोलायची सवय आहे. नकाशाच्या धंद्यात ती खपते. पण त्या माणसानं वडलांवरचा विश्वास माझ्या टेबलावर आणून ठेवला होता आणि मी त्यावर लाल पेन्सिल मारली होती. पंधरा-वीस दिवस सर फिरकले नाहीत. फोन केला तर म्हणाले, पुस्तक बंद ठेवलंय, तुमचे कागद घरी आहेत ते घेऊन जा. मी स्कूटर काढली आणि हातकणंगल्याला गेले.

सर सोप्यात पेपर समोर धरून बसले होते. त्यांच्या मिसेस, त्यांना सगळे अक्का म्हणतात, सुपात हुलगे निवडत होत्या. मला चहा झाला. सर चीन सोडून सगळ्या विषयांवर बोलले. ऊस, रेल्वे, मोतीबिंदू. शेवटी अक्कांनीच विचारलं, काय झालंय काय तुमचं दोघांचं? मामंजींच्या कागदाचं काय ते मला एकदा वाचून तरी दावा, इतकी वर्षं नुसती त्याची पूजा चाललीया.

सरांनी कागद न बघताच म्हणून दाखवला. पूर्वेस नदी, पश्चिमेस दवाखाना, दक्षिणेस टेकडी, उत्तरेस ओढा.

अक्कांचा हात सुपात थांबला. “मामंजी असं सांगायचे न्हाईत,” त्या म्हणाल्या.

“असं म्हणजे?”

“असं उड्या मारत. उगवतीवरनं एकदम मावळतीला. ते फिरून सांगायचे. मी नवी नवरी असताना मला रानात काय आणायला धाडायचे, तवा इथं उगवतीकडं तोंड करून हुबं करायचे. म्हणायचे, समोर हीर, उजव्या हाताला चिंच, पाठीमागं गोठा, डाव्या हाताला ओघळ. देवाला फिरल्यावानी. ह्या रीतीबिगर त्यांना रान सांगायलाच यायचं न्हाई.”

मी उठले आणि अक्कांच्या समोर पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. समोर पूर्व. उजव्या हाताला दक्षिण. पाठीमागं पश्चिम. डाव्या हाताला उत्तर. प्रदक्षिणा.

आणि दस्तलेखक? दस्तलेखकाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. तो हाताला लागलेला असतो, समोरचा काय सांगतो ते ऐकायच्या आधी लेखणी ‘पश्चिमेस’ लिहून मोकळी होते. बसाप्पांनी फिरून चार गोष्टी सांगितल्या: नदी, दवाखाना, टेकडी, ओढा. लेखकानं त्या चार आपल्या क्रमात ओळीनं भरल्या. पहिली आणि चौथी बरोबर पडली. दुसरी आणि तिसरी एकमेकींच्या घरात गेल्या. अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. असे गोंधळ मी इथल्या बांधांवर पाहिले होते, त्यापायी भावकीत दोन पिढ्या अबोला पाहिला होता. आणि तरी ब्रह्मदेशातल्या जंगलावर मी कागद प्रमाण मानला, आणि चिनी अधिकाऱ्यानं त्या जागी उभं राहून काढलेलं रेखाटन रद्द केलं. माझ्या तीस वर्षांचा पार चेंदामेंदा झाला, आणि तो हुलगे निवडणाऱ्या बाईनं केला. मी अक्कांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, सूप सांडंल, सरका.

सरांना घेऊनच राजारामपुरीत आले, स्कूटरवर मागं बसवून. ते रेखाटन काढलं. पूर्वेला नदी. दक्षिणेला दवाखाना. पश्चिमेला टेकडी. उत्तरेला ओढा, ओढ्यावर पूल. मधे एक रिकामा पांढरा तुकडा, ज्यावर चिनी अधिकाऱ्यानं काहीच लिहिलं नव्हतं. एक इंची नकाशावर ते बसवलं तर ओढ्याचं तोंड, टेकडी आणि नदीचं वळण एका दमात बसलं. एक सुरकुती नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नक्की का, असं विचारलं. मी म्हटलं, मोजणीत नक्की म्हणायची पद्धत नाही सर, पण यावर मी सही करीन.

ते त्या पांढऱ्या तुकड्यावर वाकले. मग अगदी हळू म्हणाले, “अप्पा, चुकलं माझं.”

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण माझा हात गप्प बसत नाही. आज तिथं काय आहे बघू, म्हणून मी जुन्या नकाशाखाली उपग्रहाचा फोटो घातला. तिथली नदी चंचल आहे, दर काही वर्षांनी कूस बदलते. जुने-नवे फोटो ओळीनं लावले तर ती साप सरकावा तशी पश्चिमेला सरकताना दिसत होती. ओढ्याचं तोंड गेलं होतं. तो पांढरा तुकडा पाण्याच्या मधोमध होता. फक्त टेकडी काठावर उभी.

सर म्हणाले, हे हौसाबाईंना नको. मीही मान डोलावली. ठरलं की जुना नकाशा छापायचा, त्यावर जागेची लाल खूण करायची आणि तेवढाच न्यायचा. सरांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. त्यांच्या रीतीत माणूस जिथं ठेवला तिथं राहतो. ती जागाच गेली, हे एका म्हाताऱ्या बहिणीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आम्ही गेलो तेव्हा हौसाबाई दारात उन्हाला बसली होती. अंगानं काडी, आवाज मात्र ढोलासारखा. मगदुमाचा मुलगा म्हटल्यावर तिनं सरांच्या तोंडावरून हात फिरवला. सरांनी सगळं समजावून सांगितलं, अप्पांचा कागद, लेखकाची गफलत, चिनी रेखाटन. शाळेत शिकवावं तसं, घाई न करता. तिनं मधे एकदाच विचारलं, म्हंजे पळाला न्हाई? सर म्हणाले, न्हाई. तिनं घरात बघून मोठ्यानं सुनेला सांगितलं, ऐकलं का गं, तुझा मामेसासरा पळाला नव्हता. मला वाटतं, आळीतल्या चार घरांनाही ते ऐकू गेलं, आणि तिचा हेतूही तोच होता.

मग नकाशा मांडीवर घेतला. लाल खुणेवर मी तिचं बोट नेऊन ठेवलं. तिनं ते तिथंच ठेवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, “आता काय हाय तिथं?”

सर आढ्याकडे बघायला लागले. माझ्याकडं एक छान उत्तर तयार होतं. झाडं आहेत, शांत आहे, असं काहीतरी. मी तोंड उघडलं, आणि ते बोट बघून ते उत्तर मला देता येईना.

“आजी, आता तिथं नदी आहे,” मी म्हटलं. “काठ ढासळत ढासळत नदी आत आली. जागा पाण्यात गेली.”

मग तिनं विचारलं, “म्होरं कुठं जाती ती नदी?”

मी तिचं बोट धरून नकाशावरून खाली नेलं. ही नदी खाली मोठ्या नदीला मिळते, मोठी आणखी मोठीला, आणि ती समुद्राला. बोट कागदाच्या कडेला येऊन थांबलं. समुद्र आमच्या नकाशात नव्हता.

“समुद्राला,” ती म्हणाली. “आईला मरंस्तवर एकच लागून राहिलतं. पोराला अग्नी न्हाई, पाणी न्हाई, परमुलखात मातीत ठिवला. बसाप्पावर राग नव्हता तिचा, पर रडायची.” मग ती सरांकडं वळली. “तुमच्या अप्पांनी तुमच्या रीतीनं ठिवला, नदीनं आमच्या रीतीनं न्हेला. दोघांचं बी झालं की.”

हौसाबाईनं नकाशाची घडी घातली, परत उलगडली आणि मला म्हणाली, ह्यात समुद्रापत्तूर काढून आणा.

पुस्तक अजून छापायचं आहे. पंधरावा नकाशा एका पानात मावत नाही.